एअरब्रश का थुंकतो?

विज्ञान प्रदर्शनासाठी कोयना धरणाची प्रतिकृती करायची ठरली, की पहिला प्रश्न प्रमाणाचा येतो. धरणाची उंची १०३ मीटर आणि लांबी सुमारे ८०८ मीटर. १:५०० हे प्रमाण घेतले तर प्रतिकृती जवळजवळ २१ सेंटिमीटर उंच आणि १६२ सेंटिमीटर लांब होते. वर्गातली दोन बाके जोडली की ती मावते. पुठ्ठा, प्लास्टर, लाकडाच्या पट्ट्या वापरून भिंत उभी राहते, सांडव्याचे सहा दरवाजे बसतात. मग रंगाची वेळ येते आणि इथे बहुतेक जण प्रमाण विसरून जातात. रंगालाही जाडी असते!

ब्रशने दिलेला दाट रंगाचा एक हात सहज ०.१ मिलिमीटर जाड असू शकतो. १:५०० च्या जगात तो पाच सेंटिमीटरांचा गिलावा झाला. एखादा ओघळ अर्धा मिलिमीटर जाड असला, तर धरणाच्या भिंतीवर पाव मीटर जाडीचा दोर लोंबतो आहे असे दिसेल. दरवाजांच्या कडा आणि भिंतीवरच्या उभ्या सांध्यांच्या रेषा, म्हणजे ज्यासाठी मुलांनी आठवडाभर कष्ट घेतले ते सगळे, रंगाखाली बुजून जाते. एअरब्रशने नीट दिलेला हात साधारण ०.०२ मिलिमीटरचा असतो. वरच्या हिशेबाने तो फक्त एक सेंटिमीटर होतो. छोट्या प्रतिकृती रंगवणारे लोक एअरब्रशच्या मागे लागतात ते एवढ्यासाठीच.

पण हे यंत्र लहरी आहे अशी त्याची ख्याती आहे. कधी ते रंग थुंकते, कधी नुसती भुकटी उडवते, कधी वाटीतच बुडबुडे काढत बसते. काल चांगले चालले, आज चालत नाही. वास्तविक या यंत्राला लहर वगैरे काही नसते. प्रत्येक दोषामागे वायूंचे, द्रवांचे आणि बाष्पीभवनाचे शाळेत शिकवले जाणारे नियमच असतात. रंगाचा थेंब वाटीतून निघून पृष्ठभागावर वाळेपर्यंत जो प्रवास करतो, त्याच्या कोणत्या टप्प्यावर बिघाड झाला हे दोषाच्या रूपावरून ओळखता येते.

आत काय घडते

एअरब्रश हे यंत्र तसे जुने आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या ॲबनर पीलर याने १८७९ मध्ये त्याचा एक ओबडधोबड पूर्वज तयार केला. १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिक याने रंग आणि हवा टोकाशीच एकत्र येतील अशी रचना केली. आजचे बहुतेक एअरब्रश त्याच घराण्यातले आहेत.

त्याचा गाभा अगदी साधा आहे. एका बारीक नोझलमध्ये एक निमुळती सुई बसवलेली असते. सुई मागे ओढली की तिच्याभोवती कडीच्या आकाराची फट उघडते आणि त्या फटीतून रंग बाहेर येतो. नोझलच्या भोवती आणखी एक फट असते, तिच्यातून दाबाखालची हवा वेगाने सुटते. खटका खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग येतो.

रंग बाहेर का खेचला जातो? इथे बर्नोलीचे नाव घेऊन विषय संपवण्याची पद्धत आहे. ‘हवा वेगाने जाते म्हणून तिचा दाब कमी’ हे वाक्य मात्र जपून वापरावे. खुल्या हवेत सुटलेल्या साध्या झोतातला दाब भोवतीच्या हवेइतकाच असतो. घडते ते असे: झोत आपल्या कडेची हवा स्वतःबरोबर ओढून नेतो. नोझलच्या टोकापुढच्या छोट्या आडोशातली हवा अशी उपसली गेली की तिथला दाब उतरतो आणि वाटीवरच्या वातावरणाचा दाब रंगाला पुढे ढकलतो. यासाठी फार मोठा फरकही लागत नाही. खालच्या बाटलीतून पाच सेंटिमीटर वर रंग चढवायला वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दोनशेव्या भागाइतका फरक पुरतो. दाब एवढासा असल्यामुळेच एखादी बारीकशी गळती किंवा गुठळी सगळा खेळ बिघडवते.

बाहेर आलेल्या रंगाच्या धाग्याचे वेगवान हवा तुकडे करते. २ मिलिमीटर व्यासाचा एक थेंब फोडून ०.०४ मिलिमीटरचे तुषार केले, तर व्यास ५० पटींनी कमी झाला. म्हणजे तुषारांची संख्या ५० × ५० × ५०, अर्थात सव्वा लाख! आणि त्या सर्वांचे मिळून पृष्ठफळ मूळ थेंबाच्या ५० पट. हा ५० पटीचा आकडा लक्षात ठेवावा. रंग उडताना इतका झपाट्याने का वाळतो, याचे उत्तर त्यात आहे.

आधी हवा, मग पाणी, मग रंग

बिघाड झाला की माणसे एकदम सगळेच बदलतात. थिनर वाढवतात, दाब वाढवतात, सुई काढून पुसतात, अंतर बदलतात. मग सुधारणा झाली तरी कशामुळे झाली ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथे तंतोतंत लागू पडतो.

वाटी रिकामी ठेवून नुसती हवा एखाद्या कोरड्या आरशावर मिनिटभर सोडावी. आरशावर ठिपके किंवा तेलकट डाग उमटले तर दोष हवेत आहे आणि रंगाला हात लावण्याचे कारण नाही. आरसा स्वच्छ राहिला तर वाटीत साधे पाणी घालून जुन्या वर्तमानपत्रावर फवारावे. पाण्याचा डाग गोल, सारखा आणि मध्यभागी गडद हवा. तो एका बाजूला झुकत असेल, तुटक येत असेल, तर दोष सुईत किंवा नोझलमध्ये आहे. पाणीही नीट उडाले, तरच रंगाकडे वळावे. या तीन पायऱ्यांना पाच मिनिटे लागतात आणि निम्म्याहून अधिक दुखण्यांचे निदान तिथल्या तिथे होते, असे म्हणायला हरकत नाही.

पाटणची हवा, जतची हवा

सातारा आणि सांगली हे जिल्हे या विषयाच्या अभ्यासासाठी मुद्दाम आखल्यासारखे आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरांच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. सांगली जिल्ह्यातही एका टोकाला पावसाळी शिराळा आणि दुसऱ्या टोकाला कोरडे आटपाडी-जत. त्यामुळे एकाला जमलेले मिश्रण दुसऱ्याला जमत नाही आणि मग ‘रंगाची कंपनीच खराब’ असा निष्कर्ष काढला जातो.

कॉम्प्रेसरमध्ये काय होते ते आकड्यांनी पाहू या. समजा, ऑगस्टमधला पाटणचा दिवस आहे, तापमान २५ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के. २५ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावते, म्हणून या हवेत सुमारे २१ ग्रॅम बाष्प आहे. दाबमापकावर ३ वातावरण दिसेपर्यंत ही हवा दाबली, तर एकूण दाब ४ वातावरण होतो आणि तिचे आकारमान पाव घनमीटर उरते. ती पुन्हा २५ अंशांपर्यंत निवली, की त्या पाव घनमीटरात २३ भागिले ४, म्हणजे पावणेसहा ग्रॅमच बाष्प मावू शकते. उरलेले १५ ग्रॅम कुठे जाणार? त्याचे पाणी होते. तीन चहाचे चमचे भरतील एवढे! छोटा एअरब्रश मिनिटाला साधारण १२ लिटर मोकळी हवा खातो असे धरले, तर अर्ध्या तासाच्या कामात चमचाभर पाणी टाकीत, नळीत आणि शेवटी रंगात येते.

आता एप्रिलमधले जत घेऊ. तापमान ३८ अंश, आर्द्रता २० टक्के. ३८ अंशांना घनमीटरमध्ये ४६ ग्रॅम बाष्प मावते, प्रत्यक्षात आहे सुमारे ९ ग्रॅम. तितकीच दाबली तरी पाव घनमीटरात साडेअकरा ग्रॅम मावू शकते. म्हणजे एक थेंबही पडणार नाही! यंत्र तेच, दाब तोच. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित अवश्य करायला द्यावे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. दाबताना हवा तापते, त्यामुळे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पाणी वाफेच्या रूपातच असते. ते नळीतून जाताना निवून थेंब बनते. पाणी अडवणारी बाटली कॉम्प्रेसरला चिकटून लावण्यापेक्षा लांब नळीनंतर, एअरब्रशच्या जवळ लावलेली बरी. नळीला मधे एक झोळ खाली सोडला तर पाणी तिथेही साचते. टाकीच्या तळाची चावी रोज काम संपल्यावर उघडावी.

याचा खरा फटका कुंभारवाड्यात बसतो. गणेशमूर्तींना रंग देण्याची घाई आषाढ-श्रावणात असते, म्हणजे नेमकी हवा सर्वांत ओली असते तेव्हा. मूर्तीचा पाया स्प्रे गनने दिला जातो, गालांवरची आणि धोतराच्या चुण्यांवरची छटा बारीक एअरब्रशने, आणि डोळ्यांची आखणी मात्र अजून हातातल्या कुंचल्यानेच होते. चतुर्थीची तारीख पुढे ढकलता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि त्या वर्षी चतुर्थी २ सप्टेंबरला होती. अशा वर्षी ओल्या भिंतींच्या आडोशाने रंगकाम करणाऱ्याला दवबिंदू म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची गरज नसते, फक्त तो शब्द त्याला माहीत नसतो.

दवबिंदूचा संबंध असा. लॅकर किंवा थिनरचा रंग दिल्यावर काही मिनिटांत त्यावर पांढरट, दुधाळ छाया येते. रंग फिका झाला असे वाटते. इंजेक्शनपूर्वी दंडावर स्पिरिट लावले की गार वाटते, तेच इथे घडते. थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातो. २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २३ अंश असतो. म्हणजे पृष्ठभाग नुसता दोन अंशांनी निवला की त्यावर दव धरते. ओल्या रंगात शिरलेले हे सूक्ष्म थेंब प्रकाश चोहीकडे विखुरतात आणि रंग पांढरा दिसतो. फेस पांढरा दिसतो त्याच कारणाने. जतच्या त्या एप्रिलमधल्या हवेचा दवबिंदू ११ अंशांच्या आसपास आहे. तिथे पृष्ठभाग २७ अंशांनी निववायला लागेल, तेव्हा हा दोष तिथे भेटतच नाही. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश पावसाळ्यात असेच पांढरे पडते, हे मिरजेसारख्या तंतुवाद्यांच्या गावात सांगायला नको.

उपाय काय? पंखा लावून आर्द्रता कमी होत नाही, पंखा फक्त तीच ओली हवा फिरवतो. हवा तापवली तर मात्र फरक पडतो. वरची २५ अंशांची हवा ३२ अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यात बाष्प तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता ९० वरून ६० टक्क्यांवर येते. पाण्यात कालवायच्या रंगांसाठी म्हणूनच खोली आधी उबदार करून घेणे उपयोगी पडते. थिनरच्या रंगाजवळ शेगडी किंवा उघडे तापलेले तारेचे हीटर कधीही नको. तिथे सावकाश उडणारा थिनर वापरावा, किंवा उघडीप मिळण्याची वाट पाहावी.

सुईच्या टोकावर

‘थुंकणे’ हा सर्वांत जास्त ऐकू येणारा दोष. सारखा फवारा चालू असताना मधेच एक जाड ठिपका येऊन पडतो. आरशाची परीक्षा पास झालेली असेल, तर बहुतेक वेळा कारण सुईच्या टोकाशी सापडते. ॲक्रिलिक रंग टोकावर वाळतो, त्याची बारीक टोपी तयार होते, तिच्यामागे रंग साठतो आणि साठा पुरेसा झाला की एकदम सुटतो. दर काही मिनिटांनी ओल्या मऊ कापसाने टोक पुसणे हाच त्यावरचा उपाय.

दुसरे कारण हाताच्या सवयीत असते. काम थांबवताना हवा आधी बंद केली आणि रंग नंतर, तर टोकावर एक थेंब शिल्लक राहतो. पुढच्या वेळी खटका दाबताच तो उडून प्रतिकृतीवर बसतो. म्हणून आधी हवा सुरू, मग रंग. थांबवताना आधी रंग बंद, मग हवा. हे बोटांच्या अंगवळणी पडायला मुलांना एक दुपार पुरते. खटका सोडण्याची जागाही प्रतिकृतीच्या बाहेर असावी.

वाटीत बुडबुडे येत असतील तर हवा पुढे जाण्याऐवजी उलटी रंगाच्या वाटेत शिरते आहे. नोझल नीट आवळलेले नाही, त्याला चीर गेली आहे किंवा पुढे रंगाचा अडथळा आहे, या तिन्हींपैकी एक. चीर भिंगाखाली पाहावी. नोझल आवळताना पकडीचा जोर लावू नये, हे नाजूक पितळी काम असते आणि जास्त आवळल्यानेच पुष्कळदा चीर पडते. फवारा एका बाजूला जात असेल तर सुईचे टोक वाकलेले आहे असे समजावे. सुई काचेवर आडवी ठेवून बोटाने हळूच फिरवली, की वाकलेले टोक लगेच डोलताना दिसते.

फवारा धक्क्याधक्क्याने येत असेल तर दोष एअरब्रशचा नसून टाकी नसलेल्या छोट्या कॉम्प्रेसरचा असतो. पंपाचा प्रत्येक ठोका थेट टोकापर्यंत पोचतो. मधे हवेचा साठा घातला की तो शांत होतो.

उडताना आणि बसताना

हवा निर्दोष, यंत्र निर्दोष, तरी रंग बिघडतो. आता थेंबाच्या उड्डाणाकडे पाहू. लहान थेंब वाळायला लागणारा वेळ त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला तर वेळ पाव होतो. म्हणून दाब वाढवून तुषार अधिक बारीक केले, आणि वर हवा कोरडी असली, की थेंब वाटेतच वाळून पृष्ठभागावर भुकटीच्या रूपात पोचतो. हात फिरवला की पीठ शिंपडल्यासारखा खरखरीतपणा लागतो आणि बोटाला रंग येतो. मे महिन्यात आटपाडीत हा दोष घरचाच. दाब उतरवावा, अंतर पंधरावरून सात-आठ सेंटिमीटरवर आणावे, पाण्याच्या रंगात ग्लिसरीनचा एखादा थेंब टाकावा. ग्लिसरीन जास्त झाले तर रंग दिवसेंदिवस चिकट राहतो, हेही ध्यानात असू द्यावे.

थेंब ओला पोचला, पण शेजारच्या थेंबात मिसळू शकला नाही, तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. इथे दोन शक्तींची झुंज असते. पृष्ठताण उंचसखल थराला सपाट करू पाहतो, श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, त्याला अडवते. आणि या झुंजीला वेळ किती मिळणार ते बाष्पीभवन ठरवते. रंग दाट असला किंवा फार लवकर वाळला, तर पृष्ठताण हरतो. डिसेंबरातल्या सकाळी साताऱ्यात हाच रंग अधिक दाट होतो, कारण तापमान उतरले की श्यानता वाढते. पाण्याच्या रंगाची बाटली कोमट पाण्यात ठेवली तरी पुष्कळ काम होते.

रंग किती पातळ हवा? ‘गाळलेल्या दुधाइतका’ असे अनुभवी लोक सांगतात. ते बरोबर आहे, पण शाळेत मोजमाप हवे. प्लॅस्टिकच्या छोट्या पेल्याच्या तळाला तापल्या सुईने एक छिद्र पाडावे, पेला काठोकाठ भरावा आणि रिकामा व्हायला लागणारा वेळ घड्याळावर पाहावा. आधी पाण्याचा वेळ, मग रंगाचा. ज्या दिवशी काम चांगले झाले त्या दिवशीचा आकडा, तापमान आणि दाब वहीत लिहून ठेवावा. पुढच्या वेळी अंदाजाने पातळ करायला नको. रंग कापडातून गाळून घ्यायचा हे मात्र कधीही चुकवू नये.

उलट बाजूचा दोष ओघळांचा. उभ्या भिंतीवर ओला थर किती झपाट्याने खाली सरकतो ते त्याच्या जाडीवर फार तीव्रतेने अवलंबून असते. जाडी दुप्पट झाली, तर ठरावीक वेळात खाली वाहणारा रंग आठपट होतो. एका दाट हाताऐवजी दोन पातळ हात का द्यायचे, ते या आठपटीत आहे. रंग अतिशय पातळ, दाब जास्त आणि टोक अगदी जवळ, असे तिन्ही जुळले तर हवेचा झोत ओल्या रंगाला चहूबाजूंना पिटाळतो आणि कोळ्याच्या पायांसारख्या रेषा उमटतात. एअरब्रशसाठी दर चौरस सेंटिमीटरला एक ते दीड किलो दाब सहसा पुरतो. गॅरेजमधल्या मोटारीच्या रंगकामाचा दाब इथे चालत नाही.

पृष्ठभागाच्या तक्रारी

रंग बसल्यावर गोल गोल उघडी बिळे पडली, मधे खालचा पृष्ठभाग आणि कडेने रंगाची कडी असा ‘माशाचा डोळा’ दिसला, की तेल शोधावे. तेलाच्या थरावर पाण्याचा रंग पसरत नाही, आक्रसतो. हे तेल कॉम्प्रेसरचे असू शकते, पण शाळेत ते बहुधा खोबरेल असते. डोक्यावरून हात फिरवून तोच हात प्रतिकृतीला लावला, की पुरे. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करायच्या विमानांवर साच्यातून सुटे व्हावेत म्हणून लावलेला तेलकट थर असतो. साबणाच्या पाण्याने ते धुऊन, पूर्ण वाळवून मगच अस्तर द्यावे.

पोपडे निघतात ते बहुधा आतल्या ओलीने. शाडू किंवा प्लास्टर वरून कोरडे दिसते, आत पाणी असते. वर रंगाचे झाकण बसले की ते पाणी बाहेर येताना रंगाला उचलते. वाळवणीच्या काळात मूर्ती किंवा प्रतिकृती दररोज तराजूवर ठेवावी. सलग दोन दिवस वजन बदलले नाही की ती वाळली असे समजावे. आणि थर्माकोलवर थिनरचा रंग फवारला तर ते डोळ्यांदेखत विरघळते. रसायनशास्त्राचा प्रयोग म्हणून ते उत्तम, धरणासाठी नव्हे.

एक दोष मात्र यंत्रात शोधून सापडणार नाही. एखादा विद्यार्थी पुन्हा पुन्हा हिरव्याऐवजी तपकिरी रंग कालवतो. त्याला निष्काळजी म्हणण्यापूर्वी त्याची रंगदृष्टी तपासून घ्यावी. लाल-हिरव्यातला फरक कमी दिसणे हे मुलींपेक्षा मुलांमध्ये पुष्कळ अधिक आढळते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला गेलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना अंशतः रंगांधत्व असल्याने चित्रकला सोडावी लागली. ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या जागी, त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. अशा मुलाकडे रंग कालवण्याऐवजी खटका आणि दाबमापक सोपवावा. तिथे तो कोणालाही हार जाणार नाही.

कॉम्प्रेसर नसेल तर

मोटारीचे जुने पण सुस्थितीतले चाक हवेची उत्तम टाकी होते. त्याचे आतले आकारमान ३५ लिटर धरले आणि पायपंपाने २ वातावरण दाबापर्यंत भरले, तर दाब १ वातावरणावर येईपर्यंत सुमारे ३५ लिटर मोकळी हवा मिळते. मिनिटाला १२ लिटरच्या हिशेबाने तीन मिनिटांचे काम. तीन मिनिटे थोडी वाटतात, पण धरणाच्या एका दरवाजाला पुरतात आणि तोवर दुसऱ्या मुलाने पंप मारायला घ्यावा. चाकाची हवा धक्के देत नाही हा आणखी एक फायदा. चाकावर छापलेल्या दाबाच्या वर जाऊ नये. आत ट्यूब असेल तर तिच्यातली शंखजिऱ्याची पूड हवेबरोबर येऊ शकते, म्हणून मधे गाळणी हवी. टायरशिवाय नुसती ट्यूब कधीही फुगवू नये, ती फुटते.

नाकातोंडात जाणारा रंग

जे तुषार प्रतिकृतीवर बसत नाहीत ते खोलीत तरंगत राहतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक कण श्वासाबरोबर खोलवर जातात. तोंडाला बांधलेला रुमाल काही थेंब अडवतो, थिनरची वाफ मुळीच अडवत नाही. मूर्तीच्या कारखान्यात श्रावणभर दिवसाचे बारा तास फवाऱ्यापुढे बसणाऱ्याच्या फुफ्फुसांचा हिशेब कोणी मांडत नाही. पावसाची झड आत येऊ नये म्हणून ताडपत्र्या बंद असतात, आणि त्यामुळे वाफही आतच राहते.

शाळेत पाण्यात कालवायचे रंगच वापरावेत आणि फवारणी व्हरांड्यात, वारा पाठीशी घेऊन करावी. एक उघडे खोके आडवे ठेवून त्याच्या आत प्रतिकृती ठेवली तर उरलेला रंग खोक्याच्या भिंतींवर बसतो. पिवळ्या आणि नारिंगी रंगांपैकी काहींत शिशाचे क्षार असतात, डब्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय ते फवारू नयेत. मूर्तींसाठी विषारी रंग टाळावेत असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे. त्या सूचना नदीच्या पाण्यासाठी आहेत, पण रंगवणाऱ्यालाही त्या तितक्याच लागू पडतात. थिनर वापरणे भागच असेल, तर तो शिक्षकाने स्वतः हाताळावा, जवळ दिवा, उदबत्ती, विजेचे उघडे बटण यांपैकी काहीही नसावे, आणि भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा वर्गाबाहेर ठेवावा.